खासगी सुरक्षा रक्षक व बाउन्सर यांचे वेतन (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील मद्यालये, उपाहारगृहे, नाइट क्लब, लग्नसमारंभ, संगीत महोत्सव, क्रीडास्पर्धा व जाहीर कार्यक्रम यांच्या बंदोबस्तासाठी नेमल्या जाणाऱ्या खासगी सुरक्षा रक्षकांना आणि बाउन्सरांना मिळणारा मोबदला मुख्यतः तीन स्वरूपांत असतो: मासिक वेतन, पाळीनुसार रोज आणि कार्यक्रमनिहाय ठरावीक रक्कम. यांपैकी बहुसंख्य रक्षकांची नेमणूक प्रत्यक्ष आस्थापनेकडून न होता मध्यस्थ संस्थेमार्फत, म्हणजे सुरक्षा एजन्सीमार्फत होते. त्यामुळे आस्थापनेने मोजलेली रक्कम आणि रक्षकाच्या हाती पडलेली रक्कम यांत मोठे अंतर राहते. हे अंतर कमी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९८१ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. रात्रीच्या मनोरंजन क्षेत्रातील रोजंदारीच्या कामापर्यंत मात्र त्याचा लाभ फारसा पोहोचलेला नाही. बीड जिल्ह्यातील धारूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने या वेतनाची घडण समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

संज्ञा व कामाचे स्वरूप

'बाउन्सर' हा शब्द मराठी वाचकांना क्रिकेटमधील उसळत्या चेंडूमुळे परिचित आहे. मनोरंजन क्षेत्रात तो प्रवेशद्वारावर उभे राहून गर्दी आवरणाऱ्या, गोंधळ घालणाऱ्यास बाहेर काढणाऱ्या बलदंड रक्षकासाठी वापरला जातो. कायद्यात अशी वेगळी वर्गवारी नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने एखाद्या व्यक्तीचे, मालमत्तेचे किंवा दोहोंचे रक्षण करणे म्हणजे खासगी सुरक्षा होय. एजन्सीने पुरविलेला बाउन्सर हा त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने सुरक्षा रक्षकच असतो आणि त्याला रक्षकाचे सर्व वेतनविषयक हक्क लागू होतात.

कामाच्या स्वरूपात मात्र फरक आहे. इमारतीच्या किंवा कारखान्याच्या फाटकावरील रक्षक नोंदवही ठेवणे, वाहने तपासणे, फेरी मारणे ही कामे महिनाभर एकाच ठिकाणी करतो. क्लबमधील बाउन्सरचे काम संध्याकाळी सुरू होऊन उत्तररात्री संपते. कार्यक्रमातील रक्षक एका दिवसापुरता किंवा काही दिवसांपुरता नेमला जातो. मंचासमोरील कठडा सांभाळणे, तिकिटे तपासणे, पाहुण्यांना वाट करून देणे आणि गर्दीला बाहेरचा मार्ग दाखविणे ही त्याची कामे होत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत राखणीचे काम रामोशी, जागले, वेसकर (मराठवाड्यात येसकर) यांच्याकडे असे व त्याचा मोबदला बहुधा धान्यरूपाने मिळे. शहरांमध्ये रात्री शिट्टी व काठी वाजवीत गस्त घालणारा गुरखा घरोघरी फिरून महिन्याची लहानशी वर्गणी गोळा करी. या दोन्ही व्यवस्थांत राखणदार आणि मोबदला देणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी नव्हता.

औद्योगिक वाढीबरोबर मुंबई व ठाणे परिसरात सुरक्षा पुरविणाऱ्या एजन्सी उभ्या राहिल्या. कारखानदार एजन्सीला ठरावीक रक्कम देई आणि एजन्सी आपल्या मर्जीनुसार रक्षकाला पगार देई. याच स्वरूपाचा प्रश्न हमालांच्या बाबतीत आधी उद्भवला होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ संमत झाला. मजुरी मध्यस्थाकडे न जाता मंडळाकडे जमा व्हावी आणि मंडळाने ती कामगाराला द्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र होते.

हेच सूत्र महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ मध्ये स्वीकारण्यात आले. त्यानुसार बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झाले व पुढे इतर जिल्ह्यांसाठीही मंडळे अस्तित्वात आली. मंडळावर मालक, सुरक्षा रक्षक आणि शासन अशा तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी असतात. मंडळाकडे नोंदणी झालेला रक्षक आस्थापनेला पुरविला जातो. आस्थापना वेतन आणि त्यावरील लेव्ही मंडळाकडे भरते, आणि मंडळ रक्षकाला वेतन देऊन लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा इत्यादी लाभांची सोय करते. आस्थापनेच्या थेट व नियमित नोकरीतील पहारेकरी या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहेत. ज्या रक्षकांना एकंदरीने मंडळापेक्षा कमी नाहीत असे लाभ मिळत असतील, त्यांच्या बाबतीत शासन सूटही देऊ शकते.

केंद्र शासनाचा २००५ चा अधिनियम १४ मार्च २००६ पासून लागू झाला व एजन्सींना परवाना सक्तीचा झाला. राज्यात २०१० च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन करण्यात आले. हे महामंडळ शासकीय व इतर आस्थापनांना सशुल्क सुरक्षा पुरविते.

मिळकतीचे प्रकार

मासिक वेतन: मॉल, रुग्णालये, गृहनिर्माण संस्था, कार्यालये व काही मोठे क्लब येथे प्रचलित. महिन्याचे २६ दिवस व साप्ताहिक सुटी असा सर्वसाधारण हिशेब असतो.

पाळीनुसार रोज: मद्यालये व क्लब येथे शुक्रवार ते रविवार अधिक माणसे लागतात. अशा वेळी जादा बाउन्सर रोजावर बोलावले जातात.

कार्यक्रमनिहाय रक्कम: लग्न, नवरात्रातील गरबा, गणेशोत्सव, ३१ डिसेंबर, संगीत महोत्सव, क्रिकेट सामने, राजकीय सभा यांसाठी. पुण्यात २०१० पासून सुरू झालेला एनएच७ वीकेंडर आणि २००७ मध्ये गोव्यात सुरू होऊन २०१६ मध्ये पुण्यात आलेला सनबर्न यांसारख्या महोत्सवांमुळे या प्रकारच्या कामाची मागणी वाढली.

व्यक्तिगत संरक्षण: कलावंत, व्यावसायिक वा पुढारी यांच्यासोबत राहण्याचे काम. यात मोबदला तुलनेने अधिक असला तरी संधी मोजक्या असतात.

उंची व शरीरयष्टी, अनुभव, इंग्रजी-हिंदी संभाषण, माजी सैनिक असणे, शस्त्रपरवाना आणि शहर यांनुसार दर बदलतो. बाउन्सरचा एका पाळीचा दर साध्या रक्षकाच्या रोजापेक्षा सामान्यतः जास्त असतो, परंतु त्याच्या कामाचे दिवस कमी असतात. उदाहरणादाखल, ५०० रुपये रोजाने २६ दिवस काम करणाऱ्या रक्षकाची मासिक कमाई १३,००० रुपये होते. याउलट १,००० रुपये रोजाने महिन्यात १० रात्री काम मिळालेल्या बाउन्सरची कमाई १०,००० रुपयेच भरते. शिवाय व्यायामशाळेचे शुल्क, खुराक व काळा पोशाख यांचा खर्च त्याला स्वतःच करावा लागतो. म्हणून दराची तुलना करताना कामाचे दिवस पाहणे आवश्यक ठरते.

वेतनाची घडण

एजन्सीमार्फत नेमलेल्या रक्षकाच्या बाबतीत आस्थापनेचा खर्च आणि रक्षकाची हाती येणारी रक्कम कशी वेगळी होते, हे पुढील काल्पनिक हिशेबावरून दिसते. मासिक वेतन (आठ तासांची पाळी, २६ दिवस) १३,००० रुपये धरले आहे. हा किमान वेतनाचा दर नव्हे. सर्व आकडे पूर्ण रुपयांत आहेत.

रक्षकाच्या वेतनातून होणारी वजावट:
भविष्य निर्वाह निधी (१२ टक्के): १,५६०
कर्मचारी राज्य विमा (०.७५ टक्के): ९८
व्यवसाय कर (पुरुष कर्मचारी): २००
हाती येणारी रक्कम: ११,१४२

आस्थापनेवर पडणारा खर्च:
वेतन: १३,०००
भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा (१२ टक्के): १,५६०
निधीशी संलग्न विमा व प्रशासकीय आकार (१ टक्का): १३०
कर्मचारी राज्य विमा (३.२५ टक्के): ४२३
बोनस (किमान ८.३३ टक्के): १,०८३
उपदानाची तरतूद (४.८१ टक्के): ६२५
बेरीज: १६,८२१
एजन्सीचा सेवा आकार (येथे १० टक्के गृहीत): १,६८२
वस्तू व सेवा कर (१८ टक्के): ३,३३१
एकूण: २१,८३४

म्हणजे आस्थापनेने मोजलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी सुमारे ५१ रुपये महिनाअखेर रक्षकाच्या हाती पडतात. उरलेली सर्व रक्कम एजन्सीकडे जाते असे नव्हे. भविष्य निर्वाह निधी ही रक्षकाचीच बचत असते, बोनस वर्षातून एकदा मिळतो आणि राज्य विम्यातून त्याला व कुटुंबाला उपचार मिळतात. मात्र या रकमा प्रत्यक्षात भरल्या गेल्या तरच हा हिशेब खरा ठरतो. आस्थापनेकडून त्यांचे पैसे घेऊन भरणाच केला नाही, तर रक्षकाचे नुकसान तत्काळ दिसत नाही. आजारपण, अपघात किंवा नोकरी सोडण्याच्या वेळी ते उघड होते. निधीचे खाते सार्वत्रिक खाते क्रमांकावरून (यूएएन) व विम्याची नोंद विमा क्रमांकावरून रक्षकाला स्वतः तपासता येते.

बारा तासांची पाळी

सुरक्षा क्षेत्रात दिवसाला दोन पाळ्या लावण्याची, म्हणजे प्रत्येक रक्षकाकडून बारा तास काम घेण्याची पद्धत रूढ आहे. नियमित कामाच्या तासांपलीकडील कामास दुप्पट दराने मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे. वरील उदाहरणात आठ तासांचा रोज ५०० रुपये, म्हणजे ताशी ६२.५० रुपये होतो. जादा कामाचा ताशी दर १२५ रुपये व चार तासांचे ५०० रुपये होतात. अशा रीतीने बारा तासांच्या पाळीचा कायदेशीर रोज १,००० रुपये, म्हणजे आठ तासांच्या रोजाच्या बरोबर दुप्पट भरतो. बारा तासांसाठी '१३,००० रुपये पगार' असे एकत्रित सांगितले जाते, तेव्हा रक्षकाला दरमहा तेवढ्याच रकमेची तूट सोसावी लागते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ च्या मूळ मजकुरात दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची, तसेच तीन महिन्यांत १२५ तास जादा कामाची मर्यादा होती. रोज चार तास जादा काम धरल्यास तिमाहीच्या ७८ दिवसांत ३१२ तास होतात. केवळ जादा मोबदला दिल्याने बारा तासांची कायमची पाळी नियमित ठरत नाही, हे यावरून लक्षात येते.

वेतनविषयक तरतुदी

किमान वेतन अधिनियम, १९४८ व वेतन प्रदान अधिनियम, १९३६ यांसह चार अधिनियमांची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षा रक्षकांच्या दृष्टीने तिच्यातील पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

किमान वेतन अनुसूचित उद्योगांपुरते मर्यादित न राहता सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे. रोजंदारीचे वेतन पाळी संपताना व मासिक वेतन पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी देणे आवश्यक आहे. नोकरी सोडल्यास वा कामावरून काढल्यास देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. दंडाची रक्कम त्या कालावधीतील वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंड करता येत नाही. एकूण वजावट वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत दाखल करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्यास सहा महिन्यांचीच मुदत होती.

कंत्राटदाराने वेतन न दिल्यास किंवा कमी दिल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० मधील तत्त्व २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही कायम आहे. क्लबच्या दारात उभ्या राहिलेल्या रक्षकाला एजन्सीने पैसे बुडविल्यास क्लबचालकाकडे मागणी करण्याचा आधार या तत्त्वातून मिळतो. एजन्सीने वेतनविषयक कायद्यांचे उल्लंघन केल्यास तिचा परवाना रद्द होऊ शकतो, अशीही तरतूद २००५ च्या अधिनियमात आहे.

पात्रता व प्रशिक्षण

२००५ च्या अधिनियमानुसार रक्षकाचे वय १८ वर्षे पूर्ण व ६५ पेक्षा कमी असावे लागते, चारित्र्य पडताळणी व प्रशिक्षण आवश्यक असते. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत १०० तास वर्गातील व ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण, किमान २० कामाच्या दिवसांत, असे नमूद आहे. माजी सैनिक व माजी पोलीस यांच्यासाठी हा अभ्यासक्रम संक्षिप्त आहे. एका रात्रीसाठी जमविलेल्या माणसांच्या बाबतीत या अटी पाळल्या जाणे अवघड असते. प्रशिक्षणाचा प्रश्न केवळ औपचारिक नाही. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी बाहेर पडण्याचा मार्ग ठाऊक असलेला प्रशिक्षित रक्षक किती मोलाचा ठरतो, हे सहज लक्षात येते.

जोखीम व अधिकारांच्या मर्यादा

बाउन्सरला पोलिसांचे अधिकार नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४० नुसार कोणताही खासगी नागरिक आपल्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास पकडू शकतो, मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. बाउन्सरचा अधिकार याहून अधिक नाही. आत्मसंरक्षणापलीकडे बळाचा वापर केल्यास गुन्हा त्याच्यावर वैयक्तिकरीत्या दाखल होतो. मारामारीत झालेली इजा, पोलीस चौकशीत बुडालेले दिवस आणि वकिलाचा खर्च यांचा विचार रोज ठरविताना क्वचितच होतो. राज्य विम्याची नोंद नसलेल्या रक्षकाला उपचारांचा खर्च बहुधा स्वतः सोसावा लागतो.

रोजगाराची अनिश्चितता

रात्रीच्या मनोरंजन क्षेत्रातील रोजगार कायद्यातील बदल व आपत्ती यांमुळे एकाएकी थांबू शकतो. २००५ मध्ये राज्यात डान्सबारवर बंदी आली, तेव्हा नर्तिकांप्रमाणेच वाढपी, वादक व दारावरील रक्षक यांच्या उपजीविकेचाही प्रश्न उभा राहिला. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द ठरविलेली ही बंदी सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये अवैध ठरविली. त्यानंतर २०१६ मध्ये राज्याने नवा अधिनियम केला व जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातील काही अटी शिथिल केल्या. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत क्लब, लग्ने व महोत्सव एकाच वेळी बंद पडले. रुग्णालये व गृहसंकुले येथील रक्षकांचे काम चालू राहिले, परंतु कार्यक्रमांवर अवलंबून असलेल्या रोजंदारीच्या बाउन्सरांचे उत्पन्न थांबले.

महिला रक्षक

महिला प्रेक्षकांची तपासणी व गर्दीचे नियंत्रण यांसाठी महिला रक्षक आवश्यक असतात. पुणे व मुंबईत महिला बाउन्सरांचे गट कार्यरत आहेत. समान कामासाठी समान वेतन देणे वेतन संहितेनुसार बंधनकारक आहे. २०१७ च्या राज्य अधिनियमानुसार रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत महिलेकडून काम घेण्यास तिची संमती लागते, तसेच सुरक्षितता व घरापर्यंतच्या वाहतुकीची व्यवस्था करावी लागते. महोत्सव मध्यरात्री संपल्यावर वाहन न मिळाल्यास घरी परतण्याच्या भाड्यातच रोजाचा मोठा भाग खर्च होतो. यासाठी वाहतुकीची तरतूद ही मोबदल्याचाच भाग मानली जाते.

स्थलांतर व धारूर तालुका

बीड जिल्ह्यातील धारूर (किल्ले धारूर) हे बालाघाटच्या डोंगररांगेतील तालुक्याचे ठिकाण असून आदिलशाही काळातील किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. अपुरा पाऊस व मर्यादित सिंचन यांमुळे या भागातून दरवर्षी हंगामात मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हटले जाते आणि मुकादमाकडून हंगामापूर्वी 'उचल' घेतली जाते. शिकलेल्या पिढीचा कल कोयत्यापासून दूर जाण्याकडे आहे. पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या, परंतु निवड न झालेल्या तरुणांसाठी शहरातील सुरक्षा रक्षकाची नोकरी हा सहज मिळणारा पर्याय असतो, कारण भरतीसाठी कमावलेले शरीर व धावण्याचा सराव येथे उपयोगी पडतो. दिल्लीतील असोला-फतेहपूर बेरी ही गावे अशाच प्रकारे तालमीतून तयार झालेल्या बाउन्सरांसाठी ओळखली जातात.

ऊसतोड व सुरक्षा या दोन्ही कामांत काम देणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये मध्यस्थ असतो. पहिल्या प्रकारात मुकादम उचल आधी देतो व कामगार कर्जात अडकतो. दुसऱ्या प्रकारात उचल नसते, पण महिनाभर काम करून पुढील महिन्यात पगार होईपर्यंत खोलीचे भाडे, खानावळ व गणवेश यांसाठी पदरचे पैसे लागतात. शहरातील भाडे वजा जाता घरी पाठविण्यास काय उरते, यावर नोकरीचे खरे मोल ठरते.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी एजन्सीचा परवाना, लेखी नेमणूकपत्र, पाळीचे तास, जादा कामाचा दर, निधी व विम्याचे क्रमांक आणि गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली होणारी कपात या बाबी पाहून घेणे आवश्यक असते. तक्रारीसाठी कामगार आयुक्त कार्यालय, जिल्हा सुरक्षा रक्षक मंडळ, भविष्य निर्वाह निधी कार्यालय व कर्मचारी राज्य विमा महामंडळ येथे दाद मागता येते. हजेरीची स्वतः ठेवलेली नोंद, पाळीचे संदेश व बँकेतील जमा हे अशा दाव्यातील उपयुक्त पुरावे होत. रोख रोजावर, नोंदीविना केलेल्या कामाचा पुरावा मागाहून उभा करणे सर्वांत कठीण असते. १९८१ च्या अधिनियमाचा मूळ हेतू अशा नोंदविहीन मजुरीला आळा घालणे हाच होता.

हेही पहा

माथाडी कामगार
किमान वेतन
कंत्राटी कामगार
ऊसतोड कामगार
महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ
धारूर तालुका